परात, योगायोग आणि ‘भाबडेपणा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. मूळ लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमच्या घरी एक पितळी परात आहे, तिच्यावर परक्याच माणसाचं नाव. शिरपूरकडच्या एका लग्नात मी हे सहज बोललो, तर शेजारच्या आजी म्हणाल्या, “ते तर माझ्या सासऱ्यांचं नाव.” त्यांच्या माळ्यावर आमच्या आजोबांच्या नावाची परात निघाली. तेव्हापासून दोन्ही घरांचं येणं-जाणं आहे. तुमचं म्हणणं असं की हा निव्वळ संभाव्यतेचा खेळ. न जुळलेल्या गोष्टी गाळून मी जुळलेली तेवढी लिहितो, आणि माझ्या या ‘भाबडेपणा’तून अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं.

गणिताबद्दल आपलं भांडणच नाही. २३ माणसं एकत्र आली की त्यांतल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त होते. ५७ झाली की ९९ टक्के. म्हणजे आपल्याकडची एक बऱ्यापैकी पंगत. डायकोनिस आणि मोस्टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ साली हेच मांडलं होतं, की नमुना पुरेसा मोठा असेल तर वाटेल ती अचाट गोष्ट घडू शकते. आणि निवडून जोडायचंच म्हटलं तर मीही जोडून देतो: मानसशास्त्रज्ञ युंगचा अर्थपूर्ण योगायोगांवरचा प्रबंध १९५२ साली छापून आला, आणि आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंची गाणीही १९५२ सालीच. घ्या! यातून काय निघतं? काहीच नाही. असे धागे बसल्या बसल्या हवे तेवढे काढता येतात.

परातीच्या बाबतीत तर शक्यता तुम्ही धरता त्याहून जास्त होती. पूर्वी लग्नाला मंडपवाल्याकडून भांडी येत नसत. अख्ख्या गावातून, पाहुण्यांच्या गावातूनही, पराती, पातेली, हंडे गोळा व्हायचे. परत करताना घोटाळा नको म्हणून काठाखाली छिन्नीने टिंब टिंब ठोकून नाव घातलेलं असायचं. तरी घोटाळा व्हायचाच, कारण भांडी घासायला पडायची रात्री, कंदिलाच्या उजेडात, आणि राख फासलेल्या परातीवरचं नाव कोण वाचत बसणार? खानदेशातल्या जुन्या घरांचे माळे तपासले तर दुसऱ्याच्या नावाचं एखादं भांडं कितीतरी ठिकाणी सापडेल.

त्यात आपली सवय. सुरत-भुसावळ गाडीत दोन खानदेशी समोरासमोर बसले की उधना सुटायच्या आत “कोन गावना?” होतं. मग आडनाव, मग मामाकुळ, मग ‘आमची एक आत्या त्याच गावात दिली आहे’. नंदुरबारपर्यंत नातं निघालं नाही तर दोघांनाही जरा चुकल्यासारखं होतं. हे आपोआप घडत नाही भाऊ, हे खोदकाम आहे. खोदत राहिलं की लागतंच काहीतरी. म्हणूनच लागण्यात मला चमत्कार दिसत नाही.

माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. संभाव्यता सांगते परात का सापडली. त्या आजींच्या घरच्या कानबाईच्या (आपल्या खानदेशातल्या देवीच्या) रोटाला, म्हणजे तिच्या सणाच्या जेवणाला, आमच्या घरचं माणूस दर श्रावणात का जातं, हे ती सांगत नाही. ते घडलं कारण कुणीतरी सांगितलं, कुणीतरी ऐकलं, आणि मग दोघांनी ते नेटाने धरून ठेवलं. पराती बदलून घ्यायच्या असं ठरलं होतं, पण त्या अजून तिथल्या तिथेच आहेत. (बदलल्या की जायला निमित्त काय, असा आमच्या आईचा हिशेब.)

धुळ्याच्या तुरुंगाचंच बघा. १९३२ साली विनोबा आणि साने गुरुजी एकाच वेळी तिथे होते. सत्याग्रहींच्या धरपकडीत कोण कुठे जाईल हे सरकारच्या हातात; त्यात दैवी काही नाही. पण विनोबा गीतेवर १८ प्रवचनं बोलले आणि गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ती आज आपल्या हातात आहेत. नुसतं एका तुरुंगात असणं अनेकांच्या वाट्याला आलं होतं.

अंधश्रद्धेची तुमची काळजी मात्र खरी आहे. ‘योग’ या एका शब्दावर दुकान मांडून बसलेले बाबा आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी २०१३ साली राज्याला कायदा करावा लागला. पण लेखातलं “योग असावा लागतो” हे वाक्य आजींचं आहे, माझं नाही, आणि पंगतीत बसलेल्या म्हातारीला मी संख्याशास्त्र शिकवायला जाणार नाही. बाबा योगायोग दाखवून पैसे मागतो. आजींनी जेवून जायचा आग्रह केला. हा फरक तुम्हाला किरकोळ वाटतो का?

न जुळलेल्या गोष्टी लिहा म्हणता, तर लिहीन की. आमच्याकडे एक तांब्याही आहे, कुणाच्या तरी नावाचा. पाचोरा, एरंडोल, साक्री, जिथे लग्नाला गेलो तिथे विचारलं. कुणी दाद दिली नाही.

आणि हो, प्रतिक्रियेत तुम्ही ओझरतं लिहिलंय की तुमचं आजोळ यावल तालुक्यातलं. गाव कोणतं? तांब्यावरचं नाव पुसट झालंय, पण खाली ‘यावल’ एवढं नीट वाचता येतं.