लागली रे!

आज एका साक्षगंधात जेवताना आमचे एक काकाजी माझ्या भाचीला म्हणाले, "काय वं पोरी, पाच वर्षं झाली, अजून उंदरांच्याच मेंदूत? खरी डॉक्टर कधी होशील?" पंगत हसली. मीही हसलो. हसताना मठ्ठा सांडला सदऱ्यावर, एवढा हसलो. घरी आल्यापासून ते हसू घशात अडकलंय.

पोरगी बंगळुरूला पीएचडी करते. डोपामाइनच्या रिसेप्टरवर. म्हणजे मेंदूतल्या पेशींवरची ती प्रथिनं, ज्यांना डोपामाइन हे मेंदूतलं रसायन चिकटलं की पेशीला निरोप पोचतो.

आणि त्याच पंगतीत माझे बाबा बसले होते. सात वर्षांपासून पार्किन्सन्स. धंतोलीत डॉक्टरांना पहिल्यांदा दाखवलं तेव्हा सदऱ्याची एक गुंडी लावायला त्यांना दहा मिनिटं लागायची. जन्मभर फळ्यावर टपोरं लिहिणारा मास्तर, सही मुंगीएवढी झालेली. लेव्होडोपा सुरू झालं. महिनाभरानं एका सकाळी आतून ओरडले, "लागली रे!" आई पोहे गॅसवर सोडून धावली. तिला वाटलं पडले, कुठं लागलं. गुंडी लागली होती!

काकाजी, ती गुंडी कोणी लावली, माहीत आहे? स्वीडनच्या अरविद कार्लसननं. १९५७ साली तो उंदीर आणि सशांना रेसरपिन देत होता. हे रेसरपिन आपल्या सर्पगंधेतलं, बीपीवर द्यायचे. जनावरं निपचित पडली. मग एल-डोपा, म्हणजे बाबांचं तेच लेव्होडोपा, ज्यापासून मेंदूत डोपामाइन बनतं, ते दिलं, तर उठून हिंडायला लागली! डोपामाइनला मेंदूत स्वतःचं काही काम असतं, हे तेव्हा कोणी धड मानत नव्हतं. १९६० ला लंडनच्या बैठकीत भल्याभल्यांनी त्याचं म्हणणं उडवून लावलं. त्याच वर्षी व्हिएन्नात होर्निकीविचनं पार्किन्सन्सनं गेलेल्यांच्या मेंदूत डोपामाइन कमी असल्याचं दाखवलं. कार्लसनला नोबेल कधी? २०००. वय ७७. त्यालाही एखाद्या काकाजीनं विचारलंच असेल, अजून सशांतच का रे बाबा?

बरं, फेलोशिप वेळेवर येत नाही, पुढं नोकऱ्या मूठभर, हे खरं आहे. गोळीनं आजार जात नाही, हेही खरं. बाबांना आता एक गोळी तीन तासही पुरत नाही, आणि डोस वाढवला की हातपाय आपोआप वळवळतात. पण पोरगी नेमकं तेच तर शोधते आहे राजेहो! वर्षानुवर्षं औषध घेतल्यावर हे रिसेप्टर असे बिथरतात का? उंदीर नाही तर काय काकाजींवर प्रयोग करायचा?

जाऊ द्या. काकाजींवर कशाला चिडू, त्यांनी तर कधी बाबांना गुंडीशी झगडताना पाहिलंच नाही. मी पाहिलं होतं. आजही, निघताना, गोळीची वेळ टळली होती आणि वरची गुंडी सुटली होती. भाची लावायला वाकली, तर म्हणाले, "थांब, मीच लावतो." ती थांबली. मागं गाड्या हॉर्न मारत होत्या, तरी थांबली.

बाळा, तू हे रात्री गाडीत वाचशील. मी हसलो ते चुकलंच. पिशवीत संत्रा बर्फी ठेवली आहे, मामावर राग असला तरी खा.