लाइन बंडल कशाला आणि इतके ब्रॅकेट कशाला? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. आधी शब्द: मॅनिफोल्डच्या (छोट्या तुकड्यात सपाट दिसणाऱ्या अवकाशाच्या) प्रत्येक बिंदूवर एकेक संख्यारेषा जोडली की लाइन बंडल, त्या प्रत्येक रेषेतून एकेक मूल्य निवडलं की सेक्शन, सेक्शनांपासून नवा सेक्शन देणारी क्रिया म्हणजे ब्रॅकेट, आणि दोन सेक्शनांचा योग्य नियम पाळणारा ब्रॅकेट असलेलं लाइन बंडल ते याकोबी बंडल. याकोबी बंडलवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत की छोट्या तुकड्यात पाहिलं तर लाइन बंडलचे सेक्शन म्हणजे साधी फलनंच असतात; मग बंडल आणि त्यावर अनंत ब्रॅकेट हा नुसता डोलारा, नागपुरात एमएस्सी करणाऱ्या मुलांना घाबरवणारा. तुकड्याबद्दलचं म्हणणं बरोबर आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

झीरो माइलपाशी एक बिंदू घ्या आणि त्यातून जाणारी एक रेषा. बाण लावायचा नाही. वर्ध्याकडे की कामठीकडे हे मोकळंच ठेवायचं. प्रतलातले सगळे बिंदू आणि प्रत्येकातून जाणाऱ्या अशा सगळ्या रेषा मिळून तीन मितींचं मॅनिफोल्ड होतं. त्यावरची काँटॅक्ट रचना (प्रत्येक बिंदूवर एकेक प्रतल, पण ती जुळून कुठेच पृष्ठ बनत नाही) 'साइन थीटा डीएक्स वजा कॉस थीटा डीवाय' या फॉर्मने मिळते; थीटा म्हणजे रेषेने एक्स-अक्षाशी केलेला कोन. आता बिंदू न हलवता रेषा १८० अंश फिरवा. रेषा तीच राहिली, फॉर्मचं चिन्ह मात्र उलटलं! म्हणजे साऱ्या मॅनिफोल्डवर चालेल असा एक काँटॅक्ट फॉर्म नाहीच. त्याची मूल्यं लाइन बंडलमध्येच घ्यावी लागतात. तुकड्यात हे कधीच दिसत नाही, तुकडे जोडताना दिसतं.

गणिती किरिलॉव्ह यांनी १९७६ मध्ये ब्रॅकेट थेट सेक्शनांवर मांडला तो म्हणूनच मला इतका महत्त्वाचा वाटतो. फलनांवरच्या याकोबी ब्रॅकेटमध्ये लायब्निझच्या (गुणाकाराच्या विकलनाच्या) नियमाला एक जादा पद चिकटतं, अचल फलन १ सोबतच्या ब्रॅकेटचं. फिरून आल्यावर चिन्ह उलटतं अशा पिळाच्या बंडलवर तो '१' कुठून आणणार?

आता अनंत ब्रॅकेट. ते किती घ्यायचे हे आपल्या हातात नसतं. कोआयसोट्रॉपिक उपमॅनिफोल्ड (ज्यावर शून्य असणाऱ्या फलनांचा किंवा सेक्शनांचा ब्रॅकेटही त्यावर शून्यच असतो असं) थोडं हलवलं, तर ते तसंच राहण्याची अट हे एक समीकरण आहे. त्याचा रेषीय भाग पहिला ब्रॅकेट देतो, वर्गाचा दुसरा, घनाचा तिसरा. सिंप्लेक्टिक भूमितीत (यामिकीतल्या स्थान-संवेगाच्या अवकाशाच्या भूमितीत) ओ आणि पार्क या गणितींनी २००५ मध्ये हे दाखवलं. पुढे याकोबी बंडलसाठीही तेच झालं, फक्त तिथे मूल्यं लाइन बंडलमध्ये. तिसरा ब्रॅकेट गाळलात, तर दुसऱ्याची याकोबी नित्यसमानता (तिघांचे ब्रॅकेट चक्राकार घेऊन केलेली बेरीज शून्य असण्याचा नियम) मोडते, कारण तिच्यातली तूट पहिला आणि तिसरा मिळून भरून काढतात.

म्हणून तो भाग मी काढणार नाही. त्याच्या आधी थीटाचं हे गणित मात्र घालतो. डिफरन्शियल फॉर्म शिकलेल्या कुणालाही ते वहीत करून पाहता येईल.