हुशारी यंत्रात नको, औषधात हवी

रक्तातली साखर ओळखून आपोआप कमी-जास्त काम करणाऱ्या इन्सुलिनची बातमी वाचून बीड जिल्ह्यातल्या केजहून आबांचा फोन आला. “हे तुमच्या तिकडचे चोचले. इथं दवाखान्यात साधं इन्सुलिन वेळेवर भेटू द्या आधी.” गावाकडं बऱ्याच जणांचं हेच म्हणणं आहे. आबांचा राग खरा आहे. पण मला वाटतं, या औषधाची गरज इंग्लंडपेक्षा बीड जिल्ह्याला जास्त आहे.

मी मँचेस्टरला राहतो. इथल्या माझ्या एका सहकाऱ्याला टाइप १ मधुमेह आहे, म्हणजे शरीर इन्सुलिन जवळपास बनवतच नाही, ते बाहेरून घ्यावं लागतं. दंडावर साखर मोजणारा नाण्याएवढा सेन्सर, कमरेला इन्सुलिन सोडणारा पंप. साखर उतरायला लागली की पंप स्वतःच इन्सुलिन आवरतो, मध्यरात्रीसुद्धा. एप्रिल २०२४ पासून इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा अशी यंत्रं देऊ लागली आहे. इन्सुलिन तर फुकटच.

माझ्या चुलत बहिणीच्या लेकीला हाच आजार आहे. आई-बाप मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात, पोरगी सोबत. फडाजवळच्या कोपीत वीज नाही, फ्रीज कुठून येणार? इन्सुलिनची बाटली डब्यात, डबा ओल्या वाळूच्या माठात. सिरिंज लाल टोपणाचीच आहे ना, हे बहीण दर वेळी तपासते. बाटली ४० युनिटची (एका मिलीलिटरमागे) आणि चुकून केशरी टोपणाची, १०० ची सिरिंज हातात आली, तर डोस निम्म्याहून कमी जातो. साखर तपासायच्या पट्ट्या संपल्या की सगळं अंदाजावर. रात्री उठून ती पोरीच्या कपाळाला हात लावते. घाम फुटला असेल, म्हणजे साखर फार उतरली असेल, तर लगेच गुळाचं पाणी. या धास्तीपायी ती डोस थोडा कमीच देते. मग साखर कायम चढलेली, आणि त्याची किंमत पुढं डोळे आणि किडन्या मोजतात. इथं पंप काय करील? तो चार्ज कुठं करायचा, आणि दोन आठवड्यांत संपणारा सेन्सर कुणी घ्यायचा?

म्हणून हुशारी औषधातच हवी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत नोव्हो नॉर्डिस्क या औषध कंपनीच्या संशोधकांनी इन्सुलिनचा असा एक रेणू मांडला. त्याला एक कडी आणि साखरेसारखा एक तुकडा जोडलेला आहे. रक्तात साखर कमी असली की तुकडा कडीत अडकतो आणि इन्सुलिन मिटून बसतं. साखर वाढली की तीच कडीत शिरते, तुकडा सुटतो, इन्सुलिन कामाला लागतं. साखर ५४ वरून ३६० वर (मिलीग्रॅम प्रति डेसीलिटर) गेली की शरीरातल्या पेशींवरची त्याची पकड सुमारे तिप्पट होते. त्या लेखातले प्रयोग उंदीर आणि डुकरांवरचे होते. माणसापर्यंत यायला वेळ लागेल.

त्या वेळातच आपण बोललं पाहिजे. १९२३ मध्ये इन्सुलिन शोधणाऱ्या बँटिंग आणि सहकाऱ्यांनी त्याचं पेटंट टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं, तरी शंभर वर्षांनी कोपीपर्यंत ते धड पोचलेलं नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासानुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. एवढ्या मोठ्या देशानं आतापासूनच सांगावं: मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टिकेल असं बनवा, महागड्या इंजेक्शनच्या पेनाबरोबर साध्या बाटलीतही द्या, आणि किंमत सरकारी दवाखान्याला परवडेल अशी ठेवा. आबा, साध्या इन्सुलिनसाठी तुम्ही जिल्हा रुग्णालयाला अर्ज लिहाल तेव्हा ही मागणीही त्यातच घाला.