रविवारी बंद असणारं मैदान

पुतण्याने माझा एक फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि दोन दिवस मंगळवार पेठेत त्यावरून रण पेटलं. फोटो साधाच होता. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावात ओल्ड कोर्स नावाचं जुनं गोल्फ मैदान आहे. तिथे स्विल्कन नावाचा एक छोटा दगडी पूल आहे, त्यावर मी उभी, हातात पटर, म्हणजे चेंडू हलकेच ढकलायची काठी, वाऱ्याने केस विस्कटलेले. खाली त्याने लिहिलं, 'आमची आत्या, गोल्फच्या पंढरीत. कोल्हापुरात असा कोर्स कधी?' झालं. एक गट म्हणाला, विमानतळ आहे, पन्हाळा २०२५ मध्ये जागतिक वारशात गेला, बाहेरची माणसं येणार, मग चॅम्पियनशिप दर्जाचा एक कोर्स झालाच पाहिजे. दुसरा गट उसळला: तालमींची कौलं गळतात, पोरं रस्त्यावर खेळतात आणि तुम्हाला श्रीमंतांचं गवत पाहिजे? शेवटी दादाने रात्री फोन केला. "तायडे, तू तिथं ऱ्हातीस, खेळतीस. तूच सांग, ह्यो खेळ आपल्या कामाचा हाय का न्हाई?"

फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी डंडीत राहते. टे नदीवरचा पूल ओलांडला की अर्ध्या तासात सेंट अँड्र्यूज. काम फिजिओथेरपीचं. गुडघा किंवा खुबा बदललेली माणसं माझ्याकडे येतात आणि त्यातले निम्मे पहिला प्रश्न विचारतात तो जिने कधी चढता येतील हा नसतो, गोल्फ कधी खेळता येईल हा असतो. त्यांत निवृत्त बसड्रायव्हर आहेत, शाळामास्तर आहेत, गोदीत आयुष्य काढलेले आजोबा आहेत. गोल्फ म्हणजे मोठ्या साहेबांचा खेळ, हे डोक्यात घेऊनच मी इथे आले होते. ते पुसलं या पेशंटांनी. एका आजोबांना वळताना कंबर कुठे अडते ते समजून घ्यायचं म्हणून मी पहिल्यांदा हातात काठी धरली आणि मग ती सुटलीच नाही.

ओल्ड कोर्सवर मात्र मी या सप्टेंबरात पहिल्यांदा खेळले. बाहेरच्या माणसाला उन्हाळ्याच्या हंगामात एका फेरीचे तीनशे पौंडांच्या वर मोजावे लागतात. ही रक्कम माझ्यासाठीही थोडी नाही, वर्षभर बाजूला टाकत गेले. पैसे असले म्हणून वेळ मिळतेच असंही नाही. दोन दिवस आधी नावं द्यायची, सोडत निघते, नंबर लागला तर खेळायचं. आमचा चौथ्या वेळी लागला. आम्ही चौघं होतो: मी, हॉस्पिटलमधली माझी सहकारी, तिचा नवरा आणि मूळचा नागपूरचा एक डॉक्टर मित्र.

फेरी संपवून बसलो तेव्हा चौघांची चार मतं होती. नागपूरचा मित्र मनापासून नाराज होता. "एवढ्या पैशात काय पाहिलं? सपाट माळ. झाड नाही, तळं नाही, टीवरून, म्हणजे पहिला फटका मारतात तिथून, कुठे मारायचं तेही धड दिसत नाही." सहकारीच्या नवऱ्याचं म्हणणं, दहा-बारा किलोमीटरवर किंग्जबार्न्स आहे, २००० साली सुरू झालेला, जवळजवळ प्रत्येक होलवरून, म्हणजे टीपासून खड्ड्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावरून, समुद्र दिसतो, खेळण्यातली मजा तिथे जास्त, इथे तुम्ही इतिहासाचे पैसे देता. सहकारी इथलीच, याच वाऱ्यात वाढलेली. ती काहीच बोलली नाही. पुलावरून जाताना तिने कठड्याच्या दगडावर हात ठेवला होता आणि तो पलीकडे पोचेपर्यंत उचलला नव्हता, एवढं मी पाहिलं.

नागपूरकराला मी नावं ठेवणार नाही, कारण त्याच्यासारखं वाटलेली माणसं लहानसहान नाहीत. १९४६ मध्ये सॅम स्नीड हा अमेरिकन खेळाडू इथे ओपन, म्हणजे ब्रिटनची मानाची खुली स्पर्धा, खेळायला आला तेव्हा आगगाडीच्या खिडकीतून त्याला हे एखादं टाकून दिलेलं जुनं मैदान वाटलं होतं; त्याच आठवड्यात तो तिथे जिंकला. दुसरा अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्स १९२१ मध्ये अकराव्या होलच्या बंकरात, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, असा अडकला की त्याने स्पर्धाच सोडली. पुढे १९२७ मध्ये त्याने इथेच ओपन जिंकली आणि १९५८ मध्ये गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. पहिल्या भेटीत हा कोर्स कोणाला आपलंसं करत नाही. जमीन अशी उंचसखल आहे की सुरेख मारलेला चेंडू एखाद्या उंचवट्यावर आपटून भलतीकडे जातो आणि चुकलेला कधी घरंगळत ग्रीनवर, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, येऊन थांबतो. अठरा होल, पण ग्रीन अकराच. सात ग्रीन दोन-दोन होलमध्ये वाटलेली. जाणारा आणि येणारा एकाच हिरवळीवर भेटतात, एकमेकांना वाट देतात. पहिले नऊ होल मलाही कोरडे वाटले. दहाव्यानंतर वारा फिरला, आणि चेंडू हवेत न मारता जमिनीलगत पळवायचा असतो हे अंगात उतरायला लागलं.

सतराव्या होलवर माझा चेंडू ग्रीन ओलांडून मागच्या रस्त्यावर गेला. खराखुरा डांबरी रस्ता, त्यापलीकडे दगडी भिंत. इथे सूट नाही, चेंडू पडला तिथून मारायचा. भिंतीपाशी पाच-सहा प्रवासी उभे होते, मला जागा करून देत बाजूला सरकले. काठी डांबराला घासली तेव्हा जो आवाज आला तो मी ओळखीचा म्हणून ऐकला: गल्लीत क्रिकेट चालायचं तेव्हा दादाची बॅट रस्त्याला घासून असाच आवाज यायचा. फरक इतकाच, की तेव्हा मी खिडकीत असायचे.

आता दादाच्या प्रश्नाकडे येते. ग्रुपवरचे दोन्ही गट गवताविषयी भांडतायत. मला इथे राहून जे कळलं ते गवताखालच्या जमिनीविषयी आहे. हा जगातला सगळ्यात मानाचा कोर्स कोणा क्लबाच्या मालकीचा नाही. १५५२ च्या एका सनदेत, या वाळूच्या माळावर खेळायचा, गुरं चारायचा हक्क गावकऱ्यांचा आहे हे लिहून दिलेलं आहे. १७९७ मध्ये गावाची तिजोरी रिकामी झाली, माळ विकला गेला आणि तिथे सशांची पैदास सुरू झाली. सशांनी जमीन पोखरली. गावकरी गप्प बसले नाहीत, कोर्टकचेरी झाली, मारामाऱ्या झाल्या, वीसेक वर्षं हे चाललं. १८२१ मध्ये शेजारच्या एका जमीनदाराने माळ विकत घेऊन ससे हटवले. १८९४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने जमीन परत गावाकडे आली आणि १९७४ पासून एक विश्वस्त संस्था ती सांभाळते. गावात राहणाऱ्याला वर्षाचं तिकीट मिळतं, पाहुण्याच्या मानाने कितीतरी स्वस्त. पाहुण्याकडून जड पैसे घ्यायचे आणि गावच्या पोराला हलक्यात खेळू द्यायचं, असा हिशेब. माझे तीनशे पौंड कुठे गेले हे कळल्यावर मला ते टोचले नाहीत.

आणि रविवारी ओल्ड कोर्स बंद. मोठी स्पर्धा असेल तेवढे दिवस सोडले, तर रविवारी तिथे गोल्फ नाही. जमिनीला विसावा. त्या दिवशी तिथे बाबागाड्या येतात, कुत्री धावतात, पोरं लोळतात. एरवीही पहिल्या आणि अठराव्या होलला कापून जाणारी एक सार्वजनिक वाट आहे. खेळणारा थांबतो, चालणाऱ्याला जाऊ देतो.

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. जास्त पैसे मोजून पॅकेज घेणाऱ्याला सोडतीची वाट बघावी लागत नाही, ते मला पटत नाही. डंडीतला कॅम्परडाउन पार्कमधला महापालिकेचा कोर्स अलीकडे बंद झाला. माझ्या बसड्रायव्हर आजोबांसारखे लोक जिथे खेळायचे तेच आधी बंद होतात. आणि बायकांच्या बाबतीत तर या गावाने फार उशीर केला. पहिल्या टीच्या मागे ज्या क्लबची देखणी इमारत उभी आहे, तो १७५४ चा. त्याने महिलांना सभासद करून घ्यायचं ठरवलं २०१४ मध्ये. महिलांची ओपन ओल्ड कोर्सवर पहिल्यांदा झाली तीही २००७ मध्ये. २०२४ मध्ये न्यूझीलंडची लिडिया को तिथे जिंकली तेव्हा मी अठराव्या ग्रीनजवळ गर्दीत उभी होते आणि माझ्या बाजूच्या पंचाहत्तरीच्या बाई रडत होत्या.

त्या बाईंना पाहून मला आमच्या घराजवळचं मैदान आठवलं. ग्रुपवर दुसऱ्या गटाने लिहिलं होतं, 'आपली मैदानं सगळ्यांची आहेत.' हे वाक्य मी तीन-चार वेळा वाचलं. मैदान घरापासून पाच मिनिटांवर. लहानपणी मी रोज त्याच्या कडेने क्लासला जायचे. आत मी किती वेळा गेले? एकदा सर्कशीला आणि एकदा सभेला, आबांचं बोट धरून. मला कोणी 'येऊ नको' म्हटलं नाही. पाटी नव्हती, फी नव्हती, दार नव्हतं. तरी तिथे मुलगी कधी दिसली नाही, आणि दिसली असती तर चार माणसांनी घरी येऊन आबांना सांगितलं असतं. पाटी नसतानाही माणूस बाहेर राहतो, हे दादाला कधी जाणवलं नसेल. तो आत होता.

म्हणून माझं मत दोन्ही गटांना आवडणार नाही. कोल्हापुरात गोल्फ कोर्स नको. अठरा होलला सव्वाशे-दीडशे एकर जमीन लागते. स्कॉटलंडचं हे गवत वाळूवर आणि पावसावर आपसूक वाढतं. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे ते रोज पाण्यावर जगवावं लागेल, आणि त्या महिन्यांत पाण्याची पाळी लागते तेव्हा शेतकरी रात्री उठून मोटार चालू करायला जातो. दीडशे एकरांत शंभर माणसं खेळणार असतील तर ते गणित मला आपल्या गावासाठी मान्य नाही. पण पहिला गट जे मागतोय त्यातली एक गोष्ट खरी आहे: राखलेलं, निगा असलेलं, अभिमानाने दाखवावं असं मैदान. त्याची हौस करणं हा गुन्हा नाही. शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोमचं कोलोसियम पाहिलं आणि १९१२ पर्यंत खासबाग हे कुस्तीचं मैदान उभं केलं, जिथे कुठेही बसा, कुस्ती दिसते. बाहेर पाहिलेलं गावात आणलं, पण आपल्या खेळासाठी आणि सगळ्यांना दिसेल असं.

निगा ठेवणंही आपल्याला नवं नाही. आबा तालमीत जायचे तेव्हा पहाटे आधी हौदा खणायचा, माती उकरून भुसभुशीत करायची, तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल घालायचं, मग लढत. ओल्ड कोर्सवर बंकरातून बाहेर आल्यावर मी दाताळ्याने वाळू सारखी केली तेव्हा मला तेच आठवलं. हिवाळ्यात तर इथले लोक हातभर चटई बरोबर घेऊन खेळतात, चेंडू उचलून चटईवर ठेवतात आणि मारतात, गवताला इजा नको म्हणून. खेळणाऱ्यानेच जमीन राखायची. आज आपली पोरं तासाच्या भाड्याने जाळीतल्या टर्फवर खेळतात. ज्याच्या खिशात पैसे तो आत. आणि मैदानावर उरतो तो चिखल, लग्नाचे मांडव आणि लावलेल्या गाड्या. ही वाटणी मला गोल्फ कोर्सपेक्षा जास्त खुपते.

मग काय करायचं? दादाला मी एवढंच सुचवलं. आठवड्यातून एक दिवस मैदान खेळाला बंद, चालायला उघडं. बाकी दिवशी वेळ वशिल्यावर नाही, सोडतीवर, आणि सोडत सगळ्यांसमोर. बाहेरून स्पर्धेला येणाऱ्या संघांकडून पैसे घ्या आणि त्यातून रोलर फिरवा, पाण्याचा निचरा करा. आणि संध्याकाळचा एक तास मुलींचा, फळ्यावर लिहून. न लिहिता तो कधीच मिळत नाही. लिहिला, सांभाळला, तर काय होतं हेही कोल्हापूरने पाहिलंय: तेजस्विनी सावंत याच गावातून जाऊन २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली.

आई मागच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आली होती. एका रविवारी तिला ओल्ड कोर्सवर घेऊन गेले. अठराव्या होलच्या हिरवळीवर ती कडेलाच थांबली. "हितं कोण हाकलत न्हाई?" म्हणाली. नाही म्हटलं तरी दहा पावलं बिचकतच चालली. दुसऱ्या दिवशी तिला 'हिमालयाज'वर नेलं. कोर्सला लागूनच हे नुसतं पटिंगचं, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून खड्ड्यात घालायचं मैदान, टेकाडांनी भरलेलं. १८६७ मध्ये इथल्या बायकांनी क्लब काढला तो यासाठी. बाईने खांद्याच्या वर काठी उचलणं तेव्हा शोभत नसे, मग त्यांना एवढाच तुकडा मिळाला. आज चार पैसे देऊन कोणीही खेळू शकतं. आईने पदर खोचला, काठी झाडूसारखी दोन्ही हातांनी धरली, चेंडू टेकाडावरून पलीकडे गेला आणि तिने मागे वळून आधी माझ्याकडे नाही, आजूबाजूला पाहिलं, कोण बघतंय का म्हणून. कोणीच बघत नव्हतं. सगळे आपापल्या चेंडूमागे होते. त्यानंतर तासभर ती थांबली नाही.

हे सगळं दादाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पोरींच्या तासाचं मंडळाच्या बैठकीत काढतो. सोडतीचं अवघड हाय, पण काढतो."

बैठक पुढच्या गुरुवारी आहे. आईला मी तिथे जाऊन बसायला सांगितलंय.