‘पाठीला करंट द्या, रुग्ण चालू लागेल’: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

वॉकर धरून पावले टाकणाऱ्या तरुणाची चित्रफीत सध्या व्हॉट्सॲपवर फिरते आहे. खालचा मजकूर सांगतो, की मज्जारज्जू तुटलेला हा रुग्ण विजेच्या उपचाराने एका दिवसात चालू लागला, त्यामुळे आता व्यायामाची गरज नाही, आणि हेच काम टेन्स मशीन (त्वचेवर पॅड चिकटवून सौम्य करंट देणारे छोटे यंत्र) घरच्या घरी करते. परळला फिजिओथेरपी करताना हा मजकूर आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी माझ्यापुढे धरतो.

‘एका दिवसात’ ही निव्वळ थाप नाही, म्हणूनच ती अधिक फसवी आहे. स्वित्झर्लंडमधील लोझानच्या संशोधकांनी या उपचारावर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन रुग्णांनी पहिल्याच दिवशी पावले टाकली खरी, पण शरीराचा भार पट्ट्यांनी तोलून धरलेला असताना. पुढे महिनोन्‌महिने सराव करावा लागला. ‘तुटलेला’ हा शब्दही सैल आहे, कारण बहुतेक अपघातांत मज्जारज्जू चिरडतो, पण काही तंतू शाबूत राहतात.

व्यायाम नको, हे विधान तर साफ खोटे. अमेरिकेतील लुईव्हिल येथील याच उपचाराच्या २०१८ च्या अभ्यासात चौघांपैकी दोघेच जमिनीवर चालू शकले. एकाला त्यासाठी ८५ आठवड्यांत २७८ सत्रे लागली, दुसऱ्याला १५ आठवड्यांत ८१, आणि तेही विद्युत उत्तेजन सुरू असतानाच. तिसऱ्या एकाचे खुब्याचे हाड सरावातच मोडले. ही बाब फॉरवर्डमध्ये कशी असणार!

राहिले टेन्स. वरील प्रयोगांत शस्त्रक्रिया करून मज्जारज्जूच्या आवरणावर इलेक्ट्रोड बसवतात. ते स्नायूंना थेट हलवत नाहीत, तर इजेखालच्या चेतातंतूंच्या जाळ्याला जागे करतात, जेणेकरून मेंदूकडून येणारा क्षीण संदेशही कामी यावा. त्वचेवरून उत्तेजन देणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेत २०२४ च्या अखेरीस मान्यता मिळाली आहे, पण ती हातांसाठी, चालण्यासाठी नव्हे. टेन्स हे वेदना कमी करण्याचे यंत्र आहे.

गेल्या महिन्यात एका रुग्णाच्या भावाने असे यंत्र आणून त्याच्या मांड्यांना पॅड लावले. संवेदनाच नसल्याने चटका कळला नाही. संध्याकाळी कपडे बदलताना आईला रुपयाएवढे दोन फोड दिसले. यंत्र परत करू का, असे भावाने विचारले. मी ते ठेवायला सांगितले, कारण व्हीलचेअर ढकलून रुग्णाचे खांदे दुखतात, आणि तिथे त्याला चटका कळतो.