मणक्यातली गादी खराब, म्हणजे टीबीच?

कंबर दुखते, रात्री जास्तच. एमआरआयवर दोन मणके आणि मधली गादी खाल्लेली, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशा पेशंटला बरेचदा बायोप्सी (मणक्यातला तुकडा काढून तपासणी) न करताच टीबीच्या गोळ्या सुरू होतात. टीबी आपल्याकडे भरपूर, त्यामुळे अंदाज बहुतेकदा खराही ठरतो. पण मधुमेह, लांबलेलं स्टिरॉइड, आयसीयूत मानेच्या शिरेत बरेच दिवस राहिलेली लाइन किंवा मणक्याचं आधीचं ऑपरेशन, यातलं काही असेल तर बुरशीचा संशय घ्यायलाच हवा. नुसत्या एमआरआयवरून दोन्हींतला फरक खात्रीने सांगता येत नाही. (घरातल्या पावसाळी ओलीला उगाच दोष नको. कॅन्डिडा ही बुरशी बहुधा आपल्याच आतड्यातली किंवा कातडीवरची, रक्तातून मणक्यात उतरलेली.)

म्हणून आधी तुकडा काढा. तो दोन बाटल्यांत जायला हवा: एक फॉर्मेलिनची, पीएएस आणि जीएमएस स्टेनसाठी (बुरशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणारे), दुसरी निर्जंतुक सलाइनची, कल्चर (जंतू वाढवून बघणं), केओएच (बुरशी लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) आणि जीनएक्सपर्टसाठी (टीबीची तपासणी). सगळाच फॉर्मेलिनमध्ये बुडवला की कल्चर संपलं. फॉर्मवर 'फंगल कल्चर, चार आठवडे' असं ठळक लिहा, नाहीतर प्लेट काही दिवसांतच फेकली जाते. सॅम्पल बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेज), कोल्हापूरला किंवा मुंबईला जाणार असेल तर बाटलीवरचं लेबल आणि फॉर्म निघण्याआधी जुळवून बघा.

कॅन्डिडाला साधारणतः फ्लुकोनॅझोल, रोज ४०० मिग्रॅ, ६ ते १२ महिने. अ‍ॅस्परजिलस या दुसऱ्या बुरशीला व्होरिकोनॅझोल. इथे एक घातक तडजोड होते: 'टीबीचंही चालू ठेवू, बुरशीचंही देऊ.' टीबीच्या औषधांतल्या रिफॅम्पिसिनमुळे यकृत व्होरिकोनॅझोल इतक्या झपाट्याने मोडतं की रक्तात ते जवळपास उरतच नाही. गोळी महागडी, पेशंट नेमाने घेतोय, आणि उपयोग शून्य.

पायातली ताकद जात असेल, मज्जारज्जूवर पू दाबत असेल, मणका ढासळून कुबड येत असेल किंवा औषधाला दाद मिळत नसेल तर ऑपरेशन. पाठीतून जाऊन वर-खाली चांगल्या मणक्यांत टायटॅनियमचे स्क्रू, मज्जारज्जूवरचा दाब मोकळा, सडलेली गादी आणि हाड खरवडायचं ते ताजं रक्त दिसेपर्यंत. पोकळीत कमरेच्या हाडाचा तुकडा किंवा तो भरलेला केज (पिंजरा). हाड ठिसूळ असेल तर स्क्रू ढिले पडतात, म्हणून जास्त मणके धरावे लागतात. खरवडलेला मालही पुन्हा कल्चरला जायलाच हवा.

ऑपरेशननंतर दुखणं थांबतं आणि तिसऱ्या महिन्यात गोळ्या बंद होतात, तिथेच बुरशी परतते. लिव्हरची तपासणी आणि सीआरपी (सूज मोजणारी रक्ततपासणी) ठरलेल्या तारखांना करा. व्होरिकोनॅझोल जेवणाआधी किंवा नंतर एक तास सोडून घ्यायचं. त्यावर असताना ऊन सोसत नाही, तेव्हा बागेत, होडीवर किंवा खळ्यात काम करणाऱ्यांनी लांब बाह्या आणि टोपी सोडू नये.