मेणबत्त्या दोन होत्या

‘जळती मेणबत्ती पाहून ती कधी पेटवली हे सांगता येत नाही. मुळात ती किती उंच होती आणि कायम याच वेगानं जळत होती का, हे कुणी पाहिलंय? दगडांची वयंही अशीच ठोकून दिलेली असतात.’ हा मजकूर सतत इकडून तिकडे पाठवला जातो. सोबत दोन ‘पुरावे’ असतात: कार्बन डेटिंगच्या चुका, आणि ताज्या लाव्हाचं लाखो वर्षं निघालेलं वय. मेणबत्तीची उपमा मला आवडली, म्हणून तीच धरून बोलतो.

कार्बनचं आधी उरकून टाकू. कार्बन-१४चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू दुसऱ्या पदार्थात बदलायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. साधारण ५०,००० वर्षांनंतर मोजण्याजोगं काही उरत नाही. शिवाय तो लागतो लाकूड, हाड, शिंपले अशा सजीवांच्या अवशेषांना; ग्रॅनाइटचं वय त्यावरून कुणी काढतच नाही. त्याच्या चुका दाखवून पृथ्वीचं वय खोडायला निघणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

‘मुळात किती उंच होती’ हा प्रश्न मात्र रास्त आहे. भूशास्त्रज्ञांनाही तो पहिल्यापासून छळत होता. त्याचं सगळ्यात सुंदर उत्तर झिरकॉन नावाच्या बारीकशा खनिजात आहे. शिलारस थंड होताना झिरकॉनचा स्फटिक घडतो, तेव्हा त्याच्या जाळीत झिर्कोनियमच्या जागी थोडं युरेनियम सहज बसतं. शिसं जवळजवळ बसतच नाही. त्याचा आकार आणि विद्युतभार जुळत नाही. म्हणजे आज आत सापडणारं शिसं बहुतेक सगळं तिथंच, युरेनियमच्या ऱ्हासातून, म्हणजे त्याचे अणू आपोआप बदलत जाऊन, तयार झालेलं असतं.

आणि या एका स्फटिकात मेणबत्त्या दोन असतात. युरेनियम-२३८चं अर्धायुष्य ४.४७ अब्ज वर्षं, त्याचं शेवटी शिसं-२०६ होतं. युरेनियम-२३५चं ७०.४ कोटी वर्षं, त्याचं शिसं-२०७. दोन्ही एकाच क्षणी पेटलेल्या, पण जळण्याचा वेग वेगळा. दोघींनी एकच वेळ सांगितली तर ती मानायची. मधे कधी शिसं गळून गेलं असेल, तर दोन उत्तरं जुळत नाहीत आणि गडबड लगेच उघडी पडते. पुष्कळदा त्या विसंगतीवरूनच गळती कधी झाली तेही काढता येतं. ठोकून दिलेल्या अंदाजाला स्वतःची चूक अशी पकडता येत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समधल्या झिरकॉनचं सुमारे ४.४ अब्ज वर्षं हे वय असंच निघालं. त्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) प्रमाण पाहता, पृथ्वीवर तेव्हा द्रवरूप पाणी असावं असं दिसतं. खुद्द पृथ्वीचं वय भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ साली ४.५५ अब्ज वर्षं मांडलं. पृथ्वीबरोबरच घडलेल्या कॅनियन डायब्लो या अशनीतल्या (अवकाशातून पडलेल्या दगडातल्या) एका खनिजात युरेनियम जवळपास नाहीच, त्यामुळे त्यातलं शिसं सुरुवातीला होतं तसंच राहिलंय. मेणबत्तीची मूळ उंची त्यांनी गृहीत धरली नाही, मोजली.

आता वेग. ऱ्हासाचा वेग कधीच बदलत नाही असं मी म्हणणार नाही. ऱ्हेनियम-१८७ या धातूचे सगळे इलेक्ट्रॉन काढून टाकले, तर त्याचं अर्धायुष्य सुमारे ४२ अब्ज वर्षांवरून ३३ वर्षांवर येतं! पण ती अवस्था ताऱ्यांच्या पोटातली; खडकात ती येत नाही. आणि अब्जावधी वर्षांचा ऱ्हास काही हजार वर्षांत उरकला असता, तर सुटलेल्या उष्णतेनं भूकवचच वितळलं असतं.

पडताळा हवा तर प्रवाळ पाहा. भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचं फिरणं मंदावतंय. शतकामागे दिवस साधारण २ मिलिसेकंदांनी लांबतो. या हिशेबानं ३८ कोटी वर्षांपूर्वी वर्षात ४०० च्या आसपास दिवस हवेत. जॉन वेल्स यांनी १९६३ साली किरणोत्सर्गी पद्धतीनं साधारण तेवढ्याच जुन्या ठरलेल्या प्रवाळांवरच्या रोजच्या वाढीच्या रेषा मोजल्या. वर्षाला सुमारे ४०० भरल्या. प्रवाळाला युरेनियमशी काय देणंघेणं?

राहिला लाव्हा. अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या १९८० च्या दशकातल्या खडकाचं पोटॅशियम-आर्गॉन पद्धतीनं (पोटॅशियमपासून बनणारा आर्गॉन वायू मोजून) साडेतीन लाख वर्षं वय आलं, हे खरं आहे. पण पोटॅशियम-४०चं अर्धायुष्य १.२५ अब्ज वर्षं. दहा वर्षांत त्यातून मोजता येईल इतका आर्गॉन तयारच होत नाही. मोजला गेला तो जुन्या स्फटिकांत आधीच अडकलेला. कॅलेंडर हातात घेऊन सेकंद मोजायला बसलात, तर दोष कॅलेंडरचा नाही.

ज्वालामुखीच्या ताज्या खडकाचं वय काढायची रीत वेगळी आहे. इ.स. ७९ मध्ये पाँपेई गाडणाऱ्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकातले स्फटिक १९९७ साली आर्गॉन-आर्गॉन या त्याच पद्धतीच्या सुधारित रूपानं तपासले. उत्तर आलं १,९२५ वर्षं, ९४ वर्षं इकडे-तिकडे. खरं वय होतं १,९१८. जास्तीचा आर्गॉन त्या स्फटिकांतही होता; तो ओळखून हिशेबातून वेगळा काढला होता. फिरत्या मजकुरात सेंट हेलेन्स दर वेळी असतो, पाँपेई मला अजून एकदाही दिसलेलं नाही.